पुढचा एक्सल

सावेडी, नगर
१२ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. सहादेवमामांना नमस्कार,

जीप परवा दुपारी टेम्पोतून सुखरूप उतरली. गेटाचा खांब आडवा येत होता म्हणून बाबांनी शेजारच्या दोघांना हाक मारली आणि मोडक्या कोपऱ्याखाली ट्रॉली घालून ती ढकलत अंगणात पेरूखाली नेली. आता ती लाकडी ठोकळ्यांवर उभी आहे. चारही चाके काढून ठेवली आहेत.

तुम्ही फोनवर ओरडून सांगितलेत ते मला समजले. मी काय बोलले ते तुम्हाला ऐकू आले नाही, हेही समजले. तुमचे कान आणि वाडीवरची रेंज, दोन्हींचा भरवसा नाही. तेव्हा लिहिलेलेच बरे. हे पत्र राजूरच्या गाडीच्या कंडक्टरकडे देते आहे. तो स्टँडवर बन्सीच्या टपरीत ठेवील.

मामींना दवाखान्यात नेताना मागचा शाफ्ट तुटला आणि चाक बाहेर आले, ते राजूरच्या सपाटीवर. वाडीच्या उतारावर झाले असते तर काय, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. तुटलेला तुकडा मी पाहिला. निम्मा भाग जुना, काळपट आहे आणि निम्माच चकचकीत. म्हणजे तडा फार आधीपासून होता. ही गाडी जन्मली तेव्हा तिच्यात दोन माणसे आणि चार पोती बसणार असे धरून हे एक्सल केले असावेत. तुम्ही तिच्यावर घर बांधायचे दगडसुद्धा वाहिलेत, हे तुम्हीच सांगता.

बाबांचे आणि माझे मत असे, की नुसता शाफ्ट बदलून उपयोग नाही. पुढचा आणि मागचा, दोन्ही एक्सल जाड घालावेत. केडगावच्या छगनच्या भंगारात नव्या गाड्यांचे मिळतात. बाबांना आता बारीक दिसत नाही. ते बोटांनी चाचपून सांगतात, मी मोजते. आय.टी.आय.मध्ये वीस वर्षे शिकवलेले त्यांच्या बोटांत आहे, पण जबाबदारी माझ्या डोळ्यांवर आहे. म्हणून मला वेळ लागेल.

एकच विचारायचे आहे. मामींना रुपालीताईकडून, पुणतांब्याहून, घरी कधी न्यायचे ठरले आहे? तारीख कळवा.

तुमची,
ईरा

ता. क. वर ‘चारही चाके’ लिहिले आहे. मागचे डावे तर आधीच निघालेले होते. म्हणजे मी तीनच काढली.


वाडी
१९ नोव्हेंबर

ईराताईस सहादेवचा रामराम. सरांना बी सांगा.

चिट्टी मिळाली. बन्सीनं तिच्यात भजी बांधली न्हाईत, तेवढीच किरपा. तेलाचं बोट मातर लागलंय, तुमच्या तीन चाकांवर.

मुक्ता रुपालीकडंच हाय. पोटात गाठ हाय म्हनून तुमाला सांगितलं हुतं. पुणतांबा गाव चांगलं हाय, नदी हाय, रुपाली जीव लावती, जावई बी भला मानूस. पर हिचं एकच चाललंय, घरी न्या. जावयाची गाडी पायथ्यापतुर येती, पुढं तीन किलोमीटर दगडाची वाट. ट्रॅक्टर म्हनलं तर हिसक्यानं तिच्या पोटात कळ उठती. आमच्या वाडीवर आजारी मानसाला डोलीत घालून नेत्यात. मी डोलीचं काढलं, तर म्हनली, “जित्तेपनी चौघांच्या खांद्यावर न्हाई बसायची. माझ्या जाग्यावर बसून यीन.” तिची जागा म्हंजी जीपमधी पुढं, डाव्या अंगाची. तीस वरसं तिथं बसून मला शिकवती, हळू चालवा, गेर टाका, म्हैस बघा.

तारखंचं काय न्हाई. गाठ बारकी हाय. डाक्टर म्हनत्यात वरीसभर तरी काय बी व्हत न्हाई. तुमी सावकाश करा. घाई न्हाई.

सहादेव


सावेडी
८ डिसेंबर

ती. स्व. मामांना नमस्कार,

मागचा जाड एक्सल मिळाला. उघडून, रॉकेलने धुऊन, बेअरिंग नवी घालून तयार आहे. आजसुद्धा बसवता येईल, इतका तयार.

अडचण पुढच्याची आहे. एक्सलच्या पोटात एक मोठे चक्र आणि एक लहान चक्र असते, त्यांचे दात मी मोजले. मागच्यात मोठ्याला एकोणचाळीस आणि लहानाला आठ. छगनने दिलेल्या पुढच्यात मोठ्याला त्रेचाळीस. तुमच्या जुन्या पुढच्यातही त्रेचाळीसच. म्हणजे चारही चाकांना जोर दिला की पुढची चाके एका वेगाने आणि मागची दुसऱ्या वेगाने फिरू पाहणार, आणि मधे काहीतरी तुटणार. दात मी खडूची खूण करून तीनदा मोजले. चौथ्यांदा बाबांनी बोटाने मोजले.

मी तो एक्सल परत घेऊन गेले. छगन म्हणाला, “ताई, लोक पोरीचं लगीन जुळवताना एवढं बघत नाहीत.” मी म्हटले, म्हणूनच नंतर तुटतात. असे बोलायला नको होते. त्याच्या बहिणीचे काय झाले ते मला माहीत होते. दुसऱ्या दिवशी जाऊन माफी मागितली. त्याने एकोणचाळीसचा पुढचा शोधून देतो म्हटले आहे, पण कधी ते सांगितले नाही.

मामींना माझा नमस्कार सांगा.

ईरा


वाडी
१६ डिसेंबर

ईराताईस रामराम.

मी परवा पुणतांब्याला गेल्तो. मुक्तानं इचारलं, जीप कुटवर आली. मी म्हनलं, पोरगी दात मोजती. ती हसली. म्हनली, माझे बी मोजाय सांगा, सा ऱ्हायल्यात.

एक सुचलं ते लिवतो. मागचं तयार हाय म्हनता. तर तेवढंच बसवा. पुढं जुनं हाय तसं लावा आन त्याला जोर देऊच नगा. मागच्या दोन चाकांवर मी वाडी चढवल्याली हाय. आता वाट कोरडी हाय. एवढी एक खेप झाली की गाडी पुन्ना तुमच्या दारात आनून लावतो, मंग पुढचं मिळंल तवा मिळंल.

हे आपलं सुचलं म्हनून. तुमी शिकल्याल्या हायसा, तुमी म्हनाल तसं. घाई न्हाई.

सहादेव


सावेडी
२४ डिसेंबर

ती. स्व. मामांना नमस्कार,

तुमच्या पत्रावर मी पाच दिवस विचार केला. तुम्ही म्हणता तसे करता येईल. गाडी चालेल. पण मला ते करवत नाही, आणि का ते लिहिते.

वाडीच्या वाटेवर झऱ्याचा तो टप्पा आहे ना, जिथे दगड उन्हाळ्यातही ओला असतो, तिथे मी दहा वर्षांची असताना तुमच्या मागे बसून आले आहे. मागची चाके तिथे घसरली होती आणि तुम्ही पुढच्यांना जोर दिलात तेव्हा गाडी वर आली. दरी डाव्या बाजूला आहे. मामींची जागा डावीकडची आहे. मला त्या ठिकाणी चारही चाके हवीत. एक आजारी माणूस माझ्या अर्ध्या कामावर बसलेले आहे, असे मला रोज दिसते.

पण हे सगळे एका गोष्टीवर अवलंबून आहे, म्हणून मी सरळ विचारते. मामींची तब्येत तुम्ही लिहिता तशीच आहे ना? वेळ आहे ना?

रुपालीताईचा नंबर बाबांकडे आहे. दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. तुम्ही एक लिहिले असताना मी तिला विचारणे म्हणजे तुमच्या शब्दावर संशय घेणे. बाबांनी मला घरी शिकवले तेव्हा अक्षरांच्याही आधी हेच शिकवले. माणूस जे बोलतो ते त्याचे म्हणणे धरावे, त्याच्या मागे दुसरा अर्थ शोधत बसू नये. मला ते शिकवायला लागले, कारण मी तेच करत बसायचे. शाळेत बाई नुसत्या खोकल्या तरी मला वाटायचे, माझे चुकले. तर तुम्ही लिहाल ते मी खरे धरीन.

ईरा


पुणतांबा
२ जानेवारी २०२५

ईराताईस रामराम.

मुक्ता बरी हाय. काल अर्दी भाकर खाल्ली, वर दूध घेतलं. वेळ हाय. तुमी तुमच्या मनासारकं करा. झऱ्याचं तुमी म्हनता ते खरं हाय.

मी सध्या हितंच हाय. गाय शेजारच्या साळूबाईच्या दावनीला बांधून आलो. हितं मला काय काम न्हाई, बसून असतो. चिट्टी राजूरला टाकली तरी चालंल, बन्सी हिकडं धाडतो.

घाई न्हाई.

सहादेव


सावेडी
२१ जानेवारी

ती. स्व. मामांना नमस्कार,

तुमचे पत्र आले आणि फार बरे वाटले. मामी भाकरी खाऊ लागल्या. तुम्हीही जन्मात पहिल्यांदा गाय सोडून कुठे राहिलात. बाबा म्हणाले, सहादेवला सासुरवाडी मिळाली नाही ती लेकीकडे मिळाली. तुम्हाला विश्रांती हवीच होती.

पुढचा एक्सल मिळाला. संगमनेरला. एकोणचाळीस आणि आठ. तिथेच चिखलात बसून मोजले. आता दोन्ही जोडीचे आहेत.

पण माझ्या हातून एक चूक झाली ती सांगते. गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्या एक्सलवर ज्या बैठकांवर टेकतात त्या नव्याने वेल्डिंग करून घ्याव्या लागतात, कारण हा पुढचा एक्सलही रुंद आहे. त्या मी खुणा करून दिल्या आणि वेल्डरने लावल्या. घरी आणून कोन तपासला तर पुढच्या उजव्या बैठकीत दोन अंशांचा फरक. वेल्डर म्हणाला, एवढा चालतो, कोणाला कळतही नाही. कदाचित खरेच चालला असता. पण शाफ्ट थोडा वाकडा फिरत राहिला असता, आणि मला ते माहीत असते. ती बैठक कापून काढली, घासली, पुन्हा लावली. त्यात नऊ दिवस गेले. तुम्ही ‘मनासारखं करा’ लिहिले होते म्हणून हे करण्याचे धाडस झाले.

आता ब्रेकच्या नळ्या, मग मधला शाफ्ट लांबीला कमी करून घेणे, मग झाले. मामींना सांगा, त्यांच्या सीटचा फाटलेला रेक्झिन मी शिवून घेतला आहे. तपकिरी रंग मिळाला नाही, काळाच लावला.

ईरा


सावेडी
१८ फेब्रुवारी

ती. स्व. मामांना नमस्कार,

मधे तुमचे पत्र नाही, म्हणून हे सरळ पुणतांब्याच्या पत्त्यावर पोस्टाने पाठवते. बन्सीने पत्र कशाला तरी गुंडाळले असेल.

झाले. मामा, गाडी झाली.

परवा मी आणि बाबा ती चांदबिबीच्या महालाच्या चढावर घेऊन गेलो. पक्क्या रस्त्यावरून नाही, बाजूच्या खडकातून. बाबा डावीकडे बसले, मामींच्या जागेवर. त्यांना नीट दिसत नाही म्हणून ते कान लावून होते. अर्ध्या चढावर मी मुद्दाम थांबवली, चारही चाकांना जोर दिला आणि पुन्हा उचलली. एक खडासुद्धा मागे उडाला नाही. वर पोचल्यावर बाबांनी उतरून चारही चाके हाताने चाचपली. मग म्हणाले, “आवाज नाही. कुठेच आवाज नाही.” त्यांनी माझ्या कामाला आजवर ‘ठीक’ याच्या पलीकडे काही म्हटलेले नाही.

परत येऊन प्रत्येक नट पुन्हा आवळून पाहिला. काही सैल झालेले नव्हते.

मी रविवारी, २ मार्चला गाडी घेऊन पुणतांब्याला येते. मामींना तिथूनच बसवू. राजूरपर्यंत मी चालवीन, वाडीचा चढ तुम्ही चढवा. उशा मी आणते. त्यांना आणखी काही लागत असेल तर कळवा.

ईरा


पुणतांबा
२४ फेब्रुवारी

प्रिय ईरा,

तुझं पत्र दादांच्या नावावर आलं. दादांनी ते उघडलं, वाचलं आणि माझ्यापुढे ठेवून गोठ्याकडे निघून गेले. म्हणून मी लिहिते आहे. फोन करणार होते, पण तुझा आवाज ऐकून मला बोलता आलं नसतं.

आई गेली. पंधरा तारखेला, शनिवारी सकाळी. नदीवरच केलं सगळं. तू रविवारी येऊ नकोस.

आता जे सांगायचं ते सांगते, कारण तुला खोट्यात ठेवणं मला पटलं नव्हतं. गाठ बारकी नव्हती. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून दोन महिने सांगितले होते. भाकरी खाल्ल्याचं दादांनी लिहिलं, ते तिने एकदा नुसती चावून बाहेर काढली होती. मी किती वेळा म्हटलं, ईराला खरं कळवा, ती रात्रीचा दिवस करील. दादा म्हणाले, “त्या पोरीला घाई लावायची न्हाई. घाई लावली की तिचे हात जात्यात.”

मला तेव्हा त्यांनी ती गोष्ट सांगितली. जीप आधीपासून चालवायचे, पण मोठ्या गाड्यांच्या ट्रेनिंगला ते तुमच्याकडे सहा महिने राहिले होते. तुला शाळेतून काढलं होतं तेव्हाची. घंटा वाजायची वेळ आली की तुझं पेन्सिल धरणं बंद पडायचं म्हणून. अंगणात तू तुझ्या बाबांनी दिलेले नट बोल्टवर चढवत बसली होतीस आणि दादा गमतीने ‘चला चला लवकर, गाडी सुटली’ म्हणाले. तर तू नट तिरका चढवलास, तसाच जोर लावत राहिलीस, बोट फाटलं तरी थांबली नाहीस आणि मग दोन दिवस कोणाशी बोलली नाहीस. दादांनी हे वीस वर्षं धरून ठेवलेलं. म्हणायचे, निवांत सोडली तर तिच्यासारखं काम कोणाच्या हातून होत नाही. जानेवारी अखेरीला तरी होईल असा त्यांचा हिशेब होता. मग तुझं ते कापून पुन्हा लावल्याचं पत्र आलं. त्याला उत्तर लिहायला दोनदा बसले आणि उठले.

आईला ते दर वेळी ‘येत्या ऐतवारी’ सांगायचे. ती रविवारी सकाळी लुगडं बदलून, पिशवी भरून ओट्यावर बसायची. चार रविवार बसली. पाचव्या रविवारी मी लुगडं काढलं तर म्हणाली, “ऱ्हाऊ दे. मी नटले की त्येंला खोटं बोलावं लागतं.”

तू डिसेंबरात मला एक फोन केला असतास तर मी सांगितलं असतं. मी स्वतःहून केला नाही, कारण दादांनी माझ्याकडून शब्द घेतला होता. तू विचारलं असतंस तर मात्र मी तो मोडला असता. हे तुला टोचायला लिहीत नाही. मलाही ते टोचतं, म्हणून लिहिते.

दादा तेराव्यानंतर वाडीवर जातील.

रुपाली


सावेडी
९ मार्च

ती. स्व. मामांना,

नमस्कार लिहायचीसुद्धा मला लाज वाटते, पण लिहिते. नमस्कार.

दहा दिवसांत हे पत्र मी अकरा वेळा लिहिले. पहिल्या दहांमध्ये मी माफी मागितली होती. ती फाडली, कारण मी माफी मागितली की तुम्ही लगेच ‘तुमचं काय चुकलं’ लिहाल, आणि मला परत तेच खरे धरावे लागेल.

मला तुमचा राग आला आहे, मामा. हे मी तुम्हाला आधी सांगायला हवे. मी सरळ विचारले होते. वेळ आहे ना, असे कागदावर लिहून विचारले होते. तुम्ही ‘आहे’ लिहिलेत. तुम्ही मला सहा वर्षांची समजून सांभाळलेत. मी सव्वीस वर्षांची आहे. माझे हात थरथरले असते, हे खरे आहे. मी रडले असते, दोन नट पुन्हा चढवावे लागले असते. बाबा शेजारी बसले असते. पण मागचा एक्सल मी त्या दिवशी बसवला असता.

आणि मला माझाही राग आहे. तो तुमच्यावरच्या रागापेक्षा मोठा आहे, पण त्याच्याविषयी काय लिहायचे ते मला कळत नाही. फोन माझ्या हातात होता. तुमच्या शब्दावर संशय घ्यायचा नाही, याला मी चांगुलपणा समजत होते. मला खरे कळायला नको होते, असेही असेल. कळले असते तर अर्धे काम करून द्यावे लागले असते. बैठकीचा दोन अंशांचा कोन मला दिसला. तुम्ही गाय दुसऱ्याच्या दावणीला बांधलीत आणि मी त्याला विश्रांती म्हटले.

बाबांना मी सगळी पत्रे वाचून दाखवली, तुमची आणि माझी. ते म्हणाले, “मी तुला अर्धेच शिकवले.”

आता एक विचारते. या वेळी मला सांभाळू नका. मी सोळा डिसेंबरच्या तुमच्या पत्राप्रमाणे नुसता मागचा एक्सल बसवून गाडी दिली असती, तर मामी घरी पोचल्या असत्या का? झऱ्याच्या टप्प्यावरून, दोन चाकांवर, त्यांना घेऊन तुम्ही चढला असता का? तुम्ही तीस वर्षे ती वाट चालवली आहे. तुम्हाला नक्की माहीत असणार. जे असेल ते लिहा.

ईरा


वाडी
२० मार्च

ईराताईस रामराम.

तुमची चिट्टी तीनदा वाचली. तुमी रागावला ते बरं केलं. मुक्ता गेल्यापासनं समदी मला गोड बोलत्यात, कुनी रागावलंच न्हवतं.

तुमी इचारलं त्येचं उत्तर मला तवाच देता आलं असतं, पर मी चार दिवस थांबलो. काल सकाळी पायथ्यापतुर उतरलो आन वाट चालत पुन्ना वर आलो, दगड दगड बघत. झऱ्यापाशी बसलो. पानी न्हाई तिथं. अवंदा पौषातच आटलं असं साळूबाई म्हनली. दगड कोरडा ठाक हाय.

तर व्हय. आली असती. मागच्या दोन चाकांवर आली असती. मी हळू चढवली असती आन तिनं मला शिकवलं असतं, आन ती आपल्या दारात उतरली असती. ह्यात मला शंका न्हाई.

हे तुमाला लिवू नये असं लई वाटलं. ‘सांगता येत न्हाई’ असं बी एकदा लिवलं आन खोडलं. तुमी सरळ इचारलं, म्हनून सरळ लिवलं. मागच्या येळंला बी तुमी सरळच इचारलं हुतं. तवा मी ल्हान पोर बघितली, समोरची बाई बघितली न्हाई. तुमच्या हाताचं मला भ्या वाटलं आन माज्या मुक्ताला मी बसवून ठिवलं. हे माझं हाय, ते तुमी उचलू नगा. फोनचं आन पुढच्या आक्सलचं तुमचं हाय, ते मी उचलत न्हाई. मी उचलतो म्हनलं तरी तुमी दिनार न्हाई, ठावं हाय मला.

जीप मला पायजे. इकायची न्हाई. घरात बसून मला चैन पडत न्हाई, आन वाडीला आजारी मानसं काय थांबत न्हाईत.

मी बुधवारी, सव्वीस तारखंला, सकाळच्या पहिल्या गाडीनं निघतो, दुपारपतुर सावेडीला यीन. चढ-उतार समदं तुमी शेजारी बसून मला समजवून द्या, कुटला नट कवा बघायचा ते. मला ऐकू येत न्हाई, तवा तुमाला वरडावं लागंल. सरांना म्हना च्या ठिवा.

आन त्या दिवशी काय तरी काम काढून घरातनं निघून जाऊ नगा. तुमी जाल, म्हनून आधीच लिवतो. घरीच ऱ्हावा.

सहादेव